इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतंय? कारण शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी तापायला लागली की बहुतेक जण थेट "कुठला पार्ट गेला असेल?" इथे पोचतात. मग थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला जातो, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) बदललं जातं, वॉटर पंपही बदलून होतो, आणि गाडी तापायची ती तापतेच. ती कधी तापते, किती वेळाने तापते आणि तापताना आणखी काय काय होतं, हे आधी नीट पाहिलं तर पाना हातात घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं. खालची उत्तरं कूलंटवर थंड होणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांसाठी आहेत.

काटा लाल पट्ट्याकडे निघालाय. या क्षणी काय करू?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर करा. केबिनचा हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. आत बसवणार नाही इतकं गरम होईल, पण सुरक्षित जागा गाठेपर्यंत तेवढाच आधार मिळतो. काटा लाल पट्ट्यात शिरला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून वाफ आली, तर मात्र चांगली जागा शोधत पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आतलं कूलंट १०० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि केवळ दाबाखाली असल्यामुळे उकळत नसतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उसळून अंगावर येतं. भाजण्याचे हे प्रकार फार वाईट असतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाइप हाताला सोसेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागला, की मग झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, त्याने हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) किंवा ब्लॉकला (त्याखालच्या मुख्य भागाला) तडा जाऊ शकतो.

"नॉर्मल" तापमान म्हणजे नक्की किती?

बहुतेक गाड्यांत कूलंट ८५ ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९२ अंशांना उघडायला लागतो आणि त्यापुढे आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडतो. विजेवरचा फॅन साधारण ९५ ते १०५ अंशांना सुरू होतो. म्हणजे रहदारीत उभ्या गाडीचं तापमान १०० पार जाऊन फॅन लागल्यावर खाली येणं, आणि असं पुन्हा पुन्हा होणं, हे आजारपण नाही. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण धरा.

काटा तर कायम मधोमध असतो. मग गाडी तापतेय हे आधी कसं कळणार?

बऱ्याच आधुनिक गाड्यांचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान ८० असो वा १०५, तो मध्यावरून हलत नाही, नाहीतर चालक उगाच धास्तावतो. त्यामुळे काटा मध्याच्या वर सरकलेला दिसला तर "थोडंसंच वर आहे" असं म्हणू नका, खरं तापमान तोवर बरंच चढलेलं असतं. काही गाड्यांना काटाच नसतो, फक्त गार इंजिनाचा निळा आणि तापलेल्या इंजिनाचा लाल दिवा असतो.

यावर उपाय म्हणजे ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या सॉकेटला) लावायचा साधा स्कॅनर. त्यावर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. ज्याला निदान करायचं आहे त्याने पहिली खरेदी याचीच करावी असं मला वाटतं, कारण "गाडी गरम होते" याऐवजी "उभी असताना ११२, धावताना ९४" असं सांगता आलं की बोलण्याला नेमकेपणा येतो.

आणखी एक धोक्याची गोष्ट. कूलंट जवळजवळ संपलं तर सेन्सरच्या टोकाला द्रव लागतच नाही. तो नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक पडला आणि इंजिनचा आवाज खरखरीत झाला, तर हायसं वाटून घेऊ नका. ताबडतोब थांबा.

निदानाला सुरुवात कुठून करायची?

इंजिन गार असताना कूलंटची पातळी पाहा. ती बरोबर असेल तर पुढचा प्रश्न: गाडी कधी तापते?

उभी असताना किंवा मुंगीच्या पावलाने चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की खाली येते, तर संशय हवेवर घ्या. वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत ते काम फॅनला करावं लागतं. म्हणून आधी फॅन, त्याचा रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), फ्यूज आणि फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण तपासायचं.

याच्या उलट, गावात ठीक चालते पण हायवेवर वेगात किंवा चढावर तापते, तर हवा भरपूर मिळतेय, कमी पडतोय तो कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद. आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा पाइप हे या गटातले. नुकतंच बिघडायला लागलेलं हेड गॅस्केटही (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) आधी चढावरच कुरकुरतं, कारण सिलिंडरमधला दाब तिथे सर्वांत जास्त असतो.

गार इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर जातो? मग कूलंट फिरतच नाहीये. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल, आत हवा धरली असेल, किंवा सिलिंडरमधली गॅस कूलंटमध्ये शिरत असेल.

उभी असतानाही तापते आणि धावतानाही, असं असेल तर वरचं सगळंच तपासावं लागतं. पण त्यातही पातळी आणि गळती पहिली.

कूलंट कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. जातं कुठे?

बंदिस्त यंत्रणेत कूलंट "पिऊन" संपत नाही. दर आठवड्याला टाकी भरावी लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, आणि ती जागा सापडेपर्यंत दुरुस्ती झाली असं मानू नये.

बारीक गळती गरम भागावर होते, तिथे थेंब पडण्याआधीच वाळतो आणि मागे पांढरट, गुलाबी किंवा हिरवट खरवड उरते. पाइपच्या क्लॅम्पखाली, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते त्या कडेला, आणि वॉटर पंपाच्या खाली टॉर्च मारून ती खरवड शोधा. पंपाच्या दांड्याखाली मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून पाझरतं. तिथला ओघळ म्हणजे पंप बदलायची वेळ आली.

हीटरची छोटी जाळी गळत असेल तर थेंब गाडीच्या आत पडतात. पुढच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतं, केबिनमध्ये गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं, जे पुसलं की आणखी पसरतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं मीटरचा काटा पाहतात. काटा पडतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट सिलिंडरमध्ये, ऑइलमध्ये किंवा हीटरकडे जातंय.

डिझेल गाडीत इथे एक थांबा घ्या. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून फुटला तरी कूलंट गुपचूप कमी होतं, पांढरा धूर येतो, टाकीत बुडबुडेही दिसू शकतात, सगळी लक्षणं हेड गॅस्केटसारखी. हेड उघडायचा निर्णय घेण्याआधी तो कूलर वेगळा तपासायला सांगा.

नुसतं झाकण बदलून गाडी तापायची थांबू शकते का?

हो, आणि सर्वांत स्वस्तातली दुरुस्तीही तीच. झाकण हा दाबाचा व्हॉल्व्ह आहे. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. सुमारे १ बारचं (बार हे दाबाचं एकक) झाकण बसवलं की तेच मिश्रण साधारण १२५-१३० अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हे संरक्षण जातं. मग कूलंट लवकर उकळून बाहेर पडतं आणि दोष मात्र रेडिएटरवर येतो.

याच झाकणात उलट दिशेने उघडणारा दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तो बाजूच्या टाकीतलं कूलंट परत आत घेतो. रात्रभर उभ्या गाडीचा पाइप सकाळी आत चेपलेला दिसला तर हा व्हॉल्व्ह अडकलाय. नवं झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच असू द्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाइप आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात.

फॅन बरोबर चालतोय की नाही, हे घरच्या घरी कसं पाहू?

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतोच, लगेच किंवा थोड्या वेळाने. लागला नाही तर फ्यूज पाहा, मग रिले. त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहता येते. तरीही नाही, तर फॅनचा कनेक्टर काढून मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर चांगली आहे, दोष रिले, वायरिंग किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली.

फॅन नुसता फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका. दोन वेगांच्या फॅनमध्ये एका वेगाचा रेझिस्टर जळतो आणि फॅन फक्त पूर्ण वेगावर, म्हणजे उशिरा, सुरू होतो. जुन्या मोटरचे ब्रश झिजले की ती फिरते खरी, पण मरगळल्यासारखी. मोटर बदलताना तारा उलट लागल्या तर फॅन उलटा फिरून हवा पुढे ढकलतो. यासाठी कागदाची परीक्षा करा: फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर एक कागद धरा. तो खेचला जाऊन चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला किंवा उडाला तर हवा पुरेशी ओढली जात नाही.

काही गाड्यांत फॅन इंजिनवरच बसवलेला असतो, मधे व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला इंजिनबरोबर घट्ट फिरवणारी जोडणी. इंजिन गरम असताना बंद करून फॅन हाताने फिरवला तर तो जड लागायला हवा. भिरकी दिल्यासारखा गरगरत राहिला तर क्लच गेला. विजेवरच्या फॅनजवळ मात्र हात नेताना बॅटरीची तार काढलेली बरी, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

थर्मोस्टॅट अडकलाय हे कसं ओळखायचं?

गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर मधूनमधून हात ठेवा. पहिली काही मिनिटं तो जेमतेम कोमट राहतो, स्कॅनरवर तापमान साठ, सत्तर, ऐंशी असं चढत असतानाही. थर्मोस्टॅट उघडतो त्या वेळी पाइपात हाताखाली एक लाट सरकल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या मिनिटात तो हात ठेववत नाही इतका तापतो. तापमान १०० पार गेलं आणि हा पाइप अजून गारच आहे, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या पाइपावर करायची. हात आणि कपड्यांची टोकं पट्ट्यापासून दूर ठेवा.

बाहेर काढलेल्या थर्मोस्टॅटची खात्री करायची तर तो पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लोंबकळता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर घालून पाणी तापवा. तो किती अंशांना उघडतो हा आकडा त्याच्यावर कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडला पाहिजे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? बरेच जण तसं सुचवतात.

करू नका. या विषयातला सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा मागचा भाग बायपासची, म्हणजे रेडिएटरला टाळून जाणारी, वाट बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो आणि भर उन्हात गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. बाकीच्या इंजिनांत उलटं होतं: इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही, इंधन जास्त जळतं, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात.

"कूलंट फार जोरात वाहिलं तर त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही" असंही कारण सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच वाहून नेली जाते.

वॉटर पंप आतून खराब झालाय हे कसं कळतं?

गळती आणि बेअरिंगची घरघर ही उघड लक्षणं. पुली हाताने हलवून पाहा, ढिली लागली तर बेअरिंग गेलं. लपलेला बिघाड पात्यांचा. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत लोखंडी पाती गंजून खपाटीला गेलेली असतात, तर प्लॅस्टिकची पाती दांड्यावर सैल होऊन जागच्या जागी घसरतात. बाहेरून पुली फिरताना दिसते, आत पाणी ढकललं जात नाही.

अशा वेळी ऐका हीटरचं. इंजिन तापलेलं आणि हीटर मात्र गार हवा फेकतोय, तर गरम कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाहीये: एक तर पातळी कमी आहे, किंवा आत हवा धरलीय, किंवा पंप ढकलत नाहीये. पातळी भरून आणि हवा काढूनही तेच राहिलं तर पंप उघडून पाहावा. पंप फिरवणारा पट्टा सैल किंवा तेलकट झालाय का, हे त्याआधी पाहायला दोन मिनिटं पुरतात.

रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो. तरी तो चोंदलेला असू शकतो?

समोरून जे दिसतं तो बहुधा एसीचा कंडेन्सर असतो. रेडिएटर त्याच्या मागे. या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, वाळकी पानं, कापसासारखे तंतू आणि मेलेले किडे साठतात. वरच्या पट्ट्या सोडून रेडिएटर थोडा मागे कलता केला की कित्येकदा तिथे नमद्यासारखा एक अख्खा थर सोलून निघतो. हवा अडवायला एवढं पुरे. तो हाताने आणि मऊ ब्रशने काढा, मग इंजिनकडून बाहेरच्या दिशेने साध्या नळाचं पाणी मारा. जोरदार प्रेशरच्या पाण्याने पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि वाट कायमची बंद होते.

आतून चोंदलाय का, हे पाहायला इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी. इंजिन पूर्ण तापल्यावर जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्यांतून कूलंट जात नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून काळ्या किंवा मातकट जागेवर धरा. क्षारांचा थर जुना असेल तर फ्लशिंगने फारसा फरक पडत नाही, रेडिएटर बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

हेड गॅस्केट गेलंय, ही भीती कितपत खरी मानायची?

लक्षणं एकत्र जुळली तरच. सुटं एकेक लक्षण फसवं असतं. ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पिवळट थर दिसला की लोक घाबरतात, पण जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत नुसत्या दमटपणानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे, इंजिन सुरू करू नका. सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येऊन थांबते तीही सामान्य. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर काळजी.

मला सर्वांत बोलकी वाटते ती गार इंजिनाची परीक्षा. रात्रभर उभी गाडी सुरू करून एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दाबून पाहा. कूलंट अजून तापलेलंही नाही आणि पाइप दगडासारखा कडक झालाय, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. त्याच्या जोडीला टाकीत अखंड बुडबुडे, सुरू होताना काही क्षण एका सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं, आणि टाकीतून कूलंट बाहेर फेकलं जाणं हे असेल तर शंका जवळजवळ पक्की.

खात्रीसाठी रासायनिक चाचणी आहे. एका पारदर्शक नळीत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि कूलंटवरची हवा रबरी फुग्याने त्यातून ओढतात. जळलेल्या इंधनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेलमध्ये हिरवट-पिवळा होतो. रंग बदलताना डोळ्यांसमोर दिसतो, वादाला जागा राहत नाही. कूलंट नळीत ओढलं गेलं तर चाचणी वाया जाते, म्हणून पातळी आधी थोडी उतरवतात. रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही: गळती फक्त ऑइल आणि कूलंटच्या वाटांमध्ये असेल तर गॅस येणारच नाही. तिथे लीक-डाउन टेस्ट करतात, म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते पाहतात.

हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेडचा सपाटपणा मोजायला सांगा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या पुढचा वाकडेपणा चालत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून लोखंडी ब्लॉकवर कसलेलं ॲल्युमिनियमचं हेड एकदा खूप तापलं की वाकतं. आणि गॅस्केट मुळात ज्या तापण्याने गेलं ते कारण शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

कूलंट बदलल्यापासूनच गाडी तापायला लागली. असं का?

आत हवा धरलीय. हवेचा फुगा उंच जागी अडकतो आणि प्रवाह तोडतो. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून अखंड धार येईपर्यंत भरा. नसेल तर पुढची बाजू उंचावर येईल अशी गाडी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हळूहळू भरत राहा. उघडल्यावर पातळी एकदम खाली बसते, तेवढी भरून झाकण लावा. ज्या गाड्यांना विजेवरचा वॉटर पंप असतो, त्यात कित्येक हायब्रिडही आल्या, तिथे पंप स्कॅनरवरून चालवून हवा काढावी लागते.

कूलंटऐवजी नुसतं पाणी चालेल का?

अडचणीत, गॅरेजपर्यंत जायला, चालेल. कायमचं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी खरं तर मिश्रणापेक्षा सरस आहे, पण ते गंजवतं, क्षार सोडतं, लवकर उकळतं आणि गोठतं. उंचावर गेलात तर दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, हेही लक्षात घ्या. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं होत नाही, उष्णता उलट कमी वाहते.

रंगावरून कूलंट ओळखू नका. रंग कंपनीगणिक बदलतो, आतलं रसायन वेगळं असतं, आणि न जुळणारी दोन मिसळली तर गाळ धरू शकतो. बाटलीवरची मानकं मॅन्युअलशी जुळवा. आणि सांडलेलं लगेच धुऊन काढा: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे, कुत्री-मांजरं आणि लहान मुलं त्याला तोंड लावू शकतात.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकू का?

नाही. ते गळतीबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

फक्त एसी लावल्यावरच तापते. एसी खराब आहे का?

बहुधा नाही. एसीचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच टाकतो, त्यामुळे आधीच काठावर असलेली यंत्रणा उघडी पडते. फॅनचा वेग आणि त्या मधल्या फटीतली घाण या दोन गोष्टींवर शोध बहुतेकदा संपतो.

कूलिंगमधलं सगळं तपासलं, सगळं ठीक आहे. तरीही तापते.

मग इंजिनात उष्णताच जास्त तयार होत असेल. ब्रेक धरून राहतोय का पाहा: थोडं चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न लावता उष्णता जोखा, एकच चाक धगधगत असेल तर कारण मिळालं. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) गरम वायू अडवून धरतो, गाडीचा पिकअपही मरतो. पेट्रोल इंजिनात इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडणं किंवा हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होणं, म्हणजे त्यात इंधन कमी पडणं, ऑइल कमी असणं हीदेखील कारणं आहेत. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याचदा रेडिएटरच्याच पोटात गार होतं, त्यामुळे तापलेला गिअरबॉक्स इंजिनलाही तापवतो.

समोरून ठोकलेली गाडी दुरुस्त झाल्यावर तापू लागली असेल तर खालचं प्लॅस्टिकचं आवरण आणि हवा वळवणाऱ्या पट्ट्या परत बसवल्या का, ते बघा. त्या नसल्या तर वारा रेडिएटरला वळसा घालून निघून जातो.

स्कॅनरवर कोड आला. त्यावरून पार्ट बदलू का?

कोड दिशा दाखवतो, पार्टचं नाव सांगत नाही. पी ०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, एवढंच. पी ०११५ ते पी ०११८ हे तापमानाच्या सेन्सरचे आणि त्याच्या वायरिंगचे, पी ०४८० फॅनच्या सर्किटचा. पी ०१२८ चा अर्थ नेमका उलटा: इंजिन पुरेसं गरमच होत नाहीये, बहुतेकदा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट.

सेन्सर खरं बोलतोय का, हे तपासायची सोपी वेळ म्हणजे पहाट. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. कूलंट १५-२० अंशांनी वेगळं दाखवत असेल तर सेन्सर खोटा. उणे ४० दिसलं तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालाय.

एकदा लाल पट्ट्यात जाऊन आली, आता ठीक वाटतेय. चालवू?

कारण सापडेपर्यंत नको. निदान कूलंट आणि ऑइलची पातळी, डिपस्टिकवरचा रंग, गार इंजिनाची पाइपची परीक्षा आणि टाकीतले बुडबुडे एवढं पाहून घ्या. वाकलेलं हेड कधी कधी काही दिवस शांत राहतं आणि मग कूलंट सोडायला लागतं, म्हणून पुढचे काही दिवस रोज सकाळी पातळीवर खूण करून ठेवा.

गॅरेजमध्ये नेताना काय सांगू?

"गरम होते" एवढ्यावर थांबू नका. उभी असताना की वेगात, सुरू केल्यापासून किती वेळाने, एसी चालू होता का, हीटर गरम फेकत होता का, फॅनचा आवाज येत होता का, कूलंट किती आणि किती दिवसांत कमी झालं, आधी काय बदललं होतं, हे कागदावर लिहून द्या. गाडी गार असतानाच पोचवा किंवा रात्री तिथेच ठेवा, कारण गार इंजिनाच्या परीक्षा तापलेल्या गाडीवर करता येत नाहीत. एखादा पार्ट बदलायचा ठरला तर कोणत्या चाचणीवरून ठरला ते विचारा, आणि जुना पार्ट परत मागून घ्या. पंपाची पाती, थर्मोस्टॅटचा स्प्रिंग, गॅस्केटवरची जळकी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.